‘कार्मेन’चा काळ बदला, शेवट नको

महोदय,

अभिजात शोकांत ऑपेरांचे शेवट आजच्या मूल्यांना धरून बदलावेत, असे मत अलीकडे वारंवार मांडले जाते आणि त्यासाठी फ्लॉरेन्समध्ये जानेवारी २०१८ मध्ये झालेल्या ‘कार्मेन’ या ऑपेराच्या प्रयोगाचा दाखला दिला जातो. लेओ मुस्काटो यांच्या दिग्दर्शनात तिथे शेवटी, मूळ कथेप्रमाणे, तिने नाकारलेला प्रियकर होसे कार्मेनला मारत नाही, तर कार्मेनच त्याच्यावर गोळी झाडते. स्त्रीच्या हत्येवर प्रेक्षकांनी टाळ्या वाजवू नयेत, ही त्यामागची भूमिका. या भूमिकेच्या प्रामाणिकपणाविषयी मला शंका नाही. बदल मात्र मान्य नाही.

‘कार्मेन’चा संगीतकार बिझे याने कार्मेनचा हा मृत्यू शेवटच्या पाच मिनिटांत चिकटवलेला नाही. तिसऱ्या अंकात मैत्रिणी हसतखेळत पत्त्यांतून भविष्य पाहतात, कार्मेनच्या हाती मात्र पुन्हापुन्हा मृत्यूचेच पान येते आणि तिचे गाणे एका संथ, न हलणाऱ्या लयीत उतरते. शेवटच्या अंकात होसे गर्दीत दबा धरून आहे, असे मैत्रिणी बजावतात, तरी ती जात नाही. आत बैलझुंजीच्या आखाड्यात जयघोष चालू असताना ती त्याने दिलेली अंगठी त्याच्याच अंगावर फेकते. आपण स्वतंत्र जन्मलो, स्वतंत्रच मरू, हे तिने आधीच सांगितलेले असते. ज्या निर्भयतेसाठी कार्मेन कार्मेन आहे, ती पिस्तुलामुळे वाढत नाही, उणावते. शिवाय मूळ संहितेतले अखेरचे शब्द होसेच्या कबुलीचे आहेत: मला अटक करा, तिला मीच मारले. त्यालाच गोळी लागल्यावर या शब्दांचे काय करायचे?

काळ आणि स्थळ बदलण्यास माझा विरोध नाही. कॅरी क्रॅकनेल यांनी २०२३ च्या अखेरीस न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात हीच कथा आजच्या अमेरिकेत नेली, सिगारेटच्या कारखान्याऐवजी शस्त्रांचा कारखाना उभा केला. त्याने मूळ संगीताला धक्का लागत नाही.

रंगमंचावरील या हत्येला १८७५ च्या पहिल्या प्रयोगाआधी पॅरिसमध्येही विरोध झाला होता. कुटुंबवत्सल प्रेक्षक दुखावतील, ही भीती ऑपेरा-कॉमिक या तिथल्या नाट्यगृहाच्या एका संचालकांना होती. बिझे बधला नाही. आजच्या दिग्दर्शकांना कार्मेनला न्याय द्यायचा असेल, तर त्यांनी होसेला प्रेमात पोळलेला बिचारा म्हणून रंगवणे थांबवावे आणि नकार सहन न झालेला मारेकरी म्हणून त्याला प्रेक्षकांसमोर उभे करावे. त्यासाठी एकही स्वर बदलावा लागत नाही.

– एक संगीतप्रेमी वाचक, पुणे