वेळासच्या कासवमित्रांना

वेळासच्या कासवमित्रांनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या मार्चमध्ये माझ्या ७८ वर्षांच्या आईला आणि धाकट्या मुलीला घेऊन मी समुद्री कासवांची पिल्ले पाहायला तुमच्या गावी दोन दिवस मुक्कामाला होतो. हे पत्र तेव्हाच लिहायला हवे होते. आता नोव्हेंबर लागला, तुमच्या रात्रीच्या फेऱ्या पुन्हा सुरू झाल्या असतील, या विचाराने आज आवर्जून लिहायला बसलो आहे.

पहिल्या संध्याकाळी घरट्यांवरच्या टोपल्या तुम्ही एकेक करून उचलल्या आणि कुठेच पिल्लू नव्हते. त्यावर कोणतीही खोटी आशा न लावता तुम्ही सांगितलेत, की पिल्ले त्यांच्या वेळेने येतात, उद्याची खात्री देता येणार नाही. आईचे गुडघे पाहून मी तिला दुसऱ्या दिवशी घरीच ठेवणार होतो. पण पहाटे तुमच्यापैकी दोघे जण दाराशी हजर होते. एकाच्या खांद्यावर प्लास्टिकची खुर्ची होती आणि दुसऱ्याने आईचा हात धरला. वाळूतून ती दर पन्नास पावलांवर खुर्चीत टेकत, तुमच्या आधाराने पाहुण्यांसाठी बांधलेल्या दोरीपर्यंत पोहोचली. त्या सकाळी एका टोपलीखाली एकवीस पिल्ले होती.

पर्यटकांना दिसतात ती एवढीच दहा-पंधरा मिनिटे. त्यामागच्या रात्री मला तुमच्या बोलण्यातून थोड्याफार कळल्या. वाळूवरचा मादीचा माग काढत जायचे, कोल्ह्या-कुत्र्यांच्या आधी घरटे गाठायचे, हाताने वाळू उपसून शंभर-सव्वाशे अंडी, वरची बाजू खाली होऊ न देता, अलगद काढायची आणि मादीने खणला होता तसाच सुरईच्या आकाराचा, दीडेक फूट खोल खड्डा कुंपणाच्या आत खणून त्यात ती पुन्हा ठेवायची. मग पन्नासेक दिवस राखण. यातले काहीही उद्यावर ढकलता येत नाही, कारण आत गर्भ धरू लागला की अंडे हललेलेही त्याला सोसत नाही. यांत मुली किती, असे माझ्या मुलीने विचारले, तेव्हा वाळू जास्त तापली की माद्या अधिक निपजतात आणि गार राहिली की नर अधिक, हे तुम्ही तिच्याशेजारी उकिडवे बसून तिला समजेल अशा शब्दांत सांगितलेत.

पिल्ले गेल्यानंतर तुम्ही आधीच पिल्ले बाहेर पडलेले एक जुने घरटे उकरून रिकामी टरफले मोजत होतात. अगदी तळाशी, टरफलांच्या आणि ओल्या वाळूच्या लगद्यात, एक पिल्लू अडकलेले निघाले. पाठीवर वाळू चिकटलेली, एक पुढचा पंजा अंगाखाली मुडपलेला. तुम्ही ते तसेच वाळूवर ठेवलेत आणि कुणालाही हात लावू दिला नाहीत. माझ्या मुलीने त्याला उचलून पाण्यात सोडायचा हट्ट धरला, तेव्हा त्याने स्वतःच्या पायांनी चालत जायला हवे, असे तुम्ही तिला बजावलेत. त्या आठ-दहा हातांच्या अंतराला त्याला किती वेळ लागला, ते मी मोजले नाही. पण तेवढा वेळ किनाऱ्यावर कुणी मोठ्याने बोलले नाही.

आईने लाटेकडे पाहून हात जोडले आणि परतीच्या वाटेवर पहिल्यांदाच सांगितले, की लहानपणी तिच्या गावच्या किनाऱ्यावरून तिचे थोरले भाऊ कासवाची अंडी टोपलीभर आणत आणि घरात ती उकडून खाल्ली जात. कितीही उकडले तरी त्यांतले पांढरे घट्ट होत नाही, हे तिला अजून आठवते. त्यात काही वावगे आहे असे तेव्हा कुणाच्याही मनात आले नव्हते. कोकणातल्या कितीतरी घरांची ही गोष्ट असेल. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली वेळासला काम सुरू केले, तेव्हा अंडी काढण्याची ही सवय मोडणे हेच अवघड होते आणि ती गावातल्याच माणसांनी राखणीला उभे राहून मोडली, याचे मोल मला आईमुळे कळले. जानेवारी २०२२ मध्ये माग घेण्यासाठी उपग्रह टॅग लावलेली ‘प्रथमा’ ही कासवाची मादी तुमच्याच किनाऱ्यावरून समुद्रात गेली, ही बातमी मी पूर्वी वाचून सोडून दिली होती. आता ती घरच्या कुणाची बातमी वाटते.

तुमच्या त्या सकाळच्या सौजन्याबद्दल आणि आमच्या डोळ्यांआड तुम्ही काढलेल्या प्रत्येक रात्रीबद्दल आम्ही तिघेही तुमचे मनापासून आभारी आहोत.

यंदा आईला प्रवास झेपणार नाही. हंगामातले पहिले घरटे सापडले, की सवडीने तेवढे कळवावे आणि अंडी किती मिळाली तेही. ती रोज विचारते.

आपला ऋणी,
पुण्याचा एक पाहुणा