पाळकसाहेब, तुम्ही थांबलात

आदरणीय पाळकसाहेबांस,
येशूच्या नावात सप्रेम सलाम.

आमच्या मंडळीला कायमचा पाळक नव्हता, म्हणून तुम्ही थोडे दिवस आलात आणि काम संपताच परत गेलात. निरोप समारंभात हार, नारळ, शाल सगळं झालं. पण तुम्ही आम्हाला कृपा, म्हणजे योग्यता न पाहता देव देतो ते दान, शिकवलीत, हे म्हणायचं राहून गेलं. म्हणून हे पत्र, आणि ते उघड, कारण ज्यांनी ते वाचायला हवं ते तुमच्याशिवायही बरेच आहेत.

प्रभुभोजनाच्या, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, त्या रविवारी भाकरीचं ताट घेऊन तुम्ही शेवटच्या बाकापाशी आलात. तिथले आजोबा वर्षानुवर्षं हात मांडीखाली दाबून बसत. ताट आलं की मान खाली घालत आणि ताट पुढे जाई. त्यांना कधीकाळी सांगितलं गेलं होतं की तुम्ही अयोग्य आहात, प्रभूच्या मेजाला, म्हणजे या भोजनाला, हात लावाल तर स्वतःवर दंड ओढवून घ्याल. सांगणाऱ्यांनी बायबलमधली पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाचं नाव घेतलं होतं. तुम्ही पुढे गेला नाहीत. आग्रह केला नाहीत, खांद्यावर हात ठेवला नाहीत, काही बोललाही नाहीत. ताट धरून नुसते उभे राहिलात. पेटीवाल्याने गीताचं शेवटचं कडवं पुन्हा घेतलं, तेही संपलं, तरी तुम्ही तिथेच. मग मांडीखालचे हात बाहेर आले.

पौलाने ग्रीसमधल्या करिंथ शहराच्या मंडळीला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा अकरावा अध्याय तुम्ही नंतर बुधवारच्या अभ्यासात उलगडलात, तेव्हा त्या थांबण्याचा अर्थ कळला. तिथला शब्द ‘अयोग्य प्रकारे’ असा आहे. मूळ ग्रीकमध्येही ते क्रियाविशेषण आहे, म्हणजे ते खाण्याच्या रीतीला लागतं, खाणाऱ्या माणसाला नाही. करिंथमध्ये काय बिघडलं होतं तेही पौल तिथेच सांगतो: काही जण आधीच आपापलं जेवण उरकत, पिऊन झिंगत, आणि ज्यांच्याकडे काही नाही ते उपाशी राहत. गरिबाला लाजवून घेतलेलं भोजन, ही ती अयोग्य रीत. आत्मपरीक्षा करा असं पौल म्हणतो, पण त्याच वाक्यात पुढे ‘आणि मग खा’ असं आहे. ‘आणि मग दूर बसा’ असं नाही. उपाय तर अगदी साधा सांगितला आहे, तेहेतिसाव्या वचनात: एकमेकांची वाट पाहा. ज्या अध्यायाच्या आधाराने आजोबांना दूर ठेवलं गेलं होतं, तोच अध्याय दूर ठेवणाऱ्यांवर बोट ठेवत होता. इतकी वर्षं तो आमच्यासमोर उघडा होता, आणि कोणी शेवटपर्यंत वाचला नाही.

हात कसा पुढे करायचा हेही तुम्ही शिकवलंत. चिमटीने तुकडा उचलायचा नाही. डाव्या तळव्यावर उजवा तळवा ठेवायचा आणि घ्यायचं. चौथ्या शतकात यरुशलेममध्ये नव्याने बाप्तिस्मा झालेल्यांना असंच शिकवत: डावा हात उजव्या हाताचं सिंहासन कर. उचलणं आणि स्वीकारणं यांतला फरक तळव्याला आधी कळतो, डोक्याला मागाहून.

कृपेला ग्रीकमध्ये खारिस म्हणतात. आभारासाठीचा शब्द युखारिस्तिया, त्याच्या पोटात हाच खारिस बसला आहे, आणि प्रभुभोजनाचंही ते जुनं नाव. तेव्हा हे आभारपत्र लिहिणं विषयाला सोडून नाही.

येशूने सांगितलेल्या द्राक्षमळ्याच्या दाखल्याचा, म्हणजे बोधकथेचा, धडा इथे, नाशिक जिल्ह्यात, वेगळाच लागला. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातला मालक पाच वेळा मजूर आणायला जातो: पहाटे, नऊला, बाराला, तीनला आणि अकराव्या ताशी, म्हणजे संध्याकाळी पाचच्या सुमारास. दर ठरला होता तो फक्त पहाटेच्या लोकांशी, एक दिनार, जी त्या काळची एका दिवसाची मजुरी. मजूर अड्ड्यावर संध्याकाळपर्यंत कोण उरतं हे इथल्या कोणालाही विचारा: म्हातारे, आजारी, पायाने अधू. ‘आम्हाला कोणी कामावर लावलं नाही,’ हे त्यांचं उत्तर अक्षरशः खरं असतं. आणि त्यांच्या घरी पीठ तेवढंच लागतं. तुम्ही आणखी एका गोष्टीकडे लक्ष वेधलंत: मालक सगळ्यांना सारखाच एक दिनार देतो, आणि मुद्दाम शेवटच्यांपासून पगार वाटतो. पहिल्यांना आधी दिला असता तर ते दिनार घेऊन समाधानाने घरी गेले असते, कुरकुर झालीच नसती. त्यांचं कमी झालं काहीच नव्हतं. दुसऱ्याला मिळालेलं सहन होत नव्हतं, एवढंच.

आणि ते गणित! मत्तयाच्याच अठराव्या अध्यायातल्या चाकराचं राजाला देणं दहा हजार तालांत. एक तालांत म्हणजे साधारण 6,000 दिनार; दहा हजारांचे झाले 6 कोटी. वर्षाला 300 दिवस काम धरलं तरी 2 लाख वर्षांची मजुरी. सोबत्याकडून त्याला यायचे होते 100 दिनार, तीन-चार महिन्यांची कमाई. ही रक्कमही लहान नाही, हे तुम्ही ठासून सांगितलंत. आपला अपराध करणाऱ्याने खरोखरच नुकसान केलेलं असतं. पण 6 लाखाला 1 असं ते प्रमाण आहे. चाकराने मुदत मागितली होती, राजाने कर्जच माफ केलं, आणि तो बाहेर पडला तो मुदत मिळाल्यासारखाच: वसुली करत, सोबत्याचा गळा धरत. माफी झाली यावर त्याचा विश्वासच बसला नव्हता. घराघरांत कृपा इथेच अडते.

कृपेच्या नावाखाली काय खपवायचं नाही, हेही तुम्ही आडपडदा न ठेवता सांगितलंत. घरात मार खाणाऱ्या बाईला ‘क्षमा कर, सोस’ असं सांगणारे उपदेशक आम्ही पाहिले आहेत. मंडळीच्या पैशाचा हिशोब मागितला की ‘कृपा ठेवा’ म्हणणारेही. तुम्ही लोकांना लुबाडणारा जकातदार जक्कय पुढे केलात. येशू त्याच्या घरी आधी गेला, काही अट घातली नाही. पण कृपा घरात आल्यावर जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना देऊ केली आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट परत करीन म्हणाला. इफिसकरांच्या पत्रातही हाच क्रम आहे: दुसऱ्या अध्यायात आठव्या-नवव्या वचनांत तारण हे देवाचं दान, कर्मांनी मिळवलेलं नाही, आणि लगेच दहाव्यात, सत्कृत्यांसाठीच आपल्याला निर्माण केलं आहे. आठवं-नववं पाठ करून दहावं सोडलं की बेफिकिरी येते, दहावं आधी धरलं की आजोबांसारखी माणसं मांडीखाली हात दाबून बसतात.

मुख्यतः या क्रमावरूनच तर सोळाव्या शतकात पश्चिमेकडची ख्रिस्ती मंडळी दुभंगली. त्या फुटीत वेगळे झालेले ल्युथरन आणि कॅथलिक यांनी 31 ऑक्टोबर 1999 रोजी आउग्सबुर्गमध्ये संयुक्त घोषणेवर सह्या करून म्हटलं की आपल्या कुठल्याही योग्यतेमुळे नव्हे, केवळ कृपेने देव आपल्याला स्वीकारतो. मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाने 2006 मध्ये त्याला दुजोरा दिला. वसईकडच्या कॅथलिक सुना आमच्या मंडळीत आहेत. ‘तुमच्याकडची कृपा, आमच्याकडची कृपा’ असे टोमणे त्यांनी ऐकलेत. त्यांच्यासाठी ही तारीख तुम्ही फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलीत.

पाळकसाहेब, विद्वान आम्ही पुष्कळ ऐकले. ग्रीक जाणणारेही आले, गेले. पण ताट हातात धरून कोणी थांबलं नव्हतं. भलेपणाला फार शब्द लागत नाहीत, वेळ लागतो, आणि तो तुम्ही भरल्या मंदिरात एका माणसाला दिलात.

या महिन्याच्या पहिल्या रविवारी पंचांनी शेवटच्या बाकापासून भाकर वाटायला सुरुवात केली. कोणी ठराव केला नव्हता. जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्यासाठी भाकर आणि काळ्या मनुकांचा द्राक्षरस त्याच दिवशी दुपारी घरी जातो. आजोबा आता ताट यायच्या आधीच तळव्यावर तळवा ठेवून बसतात.

हंगामाच्या, म्हणजे पिकाबद्दल आभार मानण्याच्या, उपासनेला पाळकीणबाईंना घेऊन या. त्या दिवशी ताट आम्ही फिरवू, तुम्ही बाकावर बसा.

प्रभूमध्ये आपले,
मंडळीतले काही जण