दानपेटीची किल्ली

नवापूर,
ईस्टरनंतरचा मंगळवार

प्रिय दाऊद,

प्रभूमध्ये सप्रेम सलाम.

तुला शेवटचे पत्र कधी लिहिले होते, हे आठवायचा प्रयत्न मी करीत नाही. आठवले तर हेही पत्र लिहून होणार नाही. आमची प्रकृती ठीक आहे. माझ्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला, हिचे गुडघे होते तसेच आहेत. फोन करता आला असता, पण फोनवर तू मला एकही वाक्य पुरे करू देत नाहीस आणि ही हकिगत अर्ध्या वाक्यांत सांगण्यासारखी नाही.

तबलजी परत आला आहे.

आला आहे म्हणजे पाहुणा म्हणून नव्हे. सुरतेची खोली सोडून, बायकोच्या मागे राहिलेले सामान एका गोणीत बांधून, तो त्याच्या थोरल्या बहिणीच्या पडवीत राहायला आला आहे. लेंट, म्हणजे ईस्टरपूर्वीचा उपवासकाळ, सुरू झाल्यापासून तो दर रविवारी मागच्या चटईवर बसत असे आणि आशीर्वाद होण्याआधीच उठून जात असे. माझे त्याच्याशी बोलणे झाले नव्हते. मी बोललो नाही आणि त्यानेही तशी वेळ माझ्यावर आणली नाही.

ईस्टरची पहाटेची उपासना दरवर्षीप्रमाणे कब्रस्तानात होती. ढोलकी वाजवणारा मुलगा आदल्या रात्री उच्छलच्या एका लग्नात वाजवायला गेला आणि तिकडेच झोपला, त्यामुळे गाणे असे काही लंगडत होते की पुनरुत्थानाऐवजी अंत्यविधीच चालू आहे असे वाटावे. तबलजी तारेच्या कुंपणाबाहेर उभा होता. त्याला कोणी आत बोलावले नाही. शेवटी हिनेच ढोलकी उचलली, त्या गुडघ्यांनिशी कुंपणापर्यंत गेली आणि त्याच्यासमोर ती ठेवून एक शब्द न बोलता परत येऊन उभी राहिली. त्याने वाजवायला सुरुवात केली. आधी हात चाचपडत होता, मग बसला. आणि गाण्याच्या शेवटी त्याने ती तिहाई घेतली, बोर्डिंगच्या गुरुजींची, जिच्यात तिसऱ्या वेळी हात मुद्दाम किंचित उशिरा पडतो आणि त्या उशिरासाठी गुरुजींनी तुला व मला छड्या मारल्या होत्या. तिथे जमलेल्या सगळ्या मंडळीत ती ओळखणारा मी एकटाच होतो. दुसरा तू, आणि तू पिंपरीत बसला आहेस. हे पत्र तुलाच का लिहितो आहे, ते यावरून समज.

आता मूळ प्रश्न सांगतो. आपले नवे पाळकसाहेब वयाने लहान आहेत, उत्साही आहेत आणि सेमिनरीतून अलीकडेच आले असल्यामुळे त्यांना प्रत्येक अडचणीवर एक अध्याय पाठ आहे. त्यांनी मंडळीच्या पंचांपुढे तीन गोष्टी मांडल्या. तबलजीला प्रभुभोजनाला बसू द्यावे, ही पहिली. तिला कोणीच विरोध केला नाही, मीही नाही. व्यसन सोडू पाहणाऱ्यांची शनिवारची संगती त्याने चालवावी, ही दुसरी. तिलाही मी मान डोलावली, कारण मोहाच्या दारूने माणसाचे काय होते हे त्याच्याइतके अनुभवाने सांगणारा आपल्याकडे दुसरा कोण आहे? तिसरी गोष्ट अशी की त्या संगतीच्या खर्चाचा हिशेब त्याने ठेवावा आणि म्हणून दानपेटीची एक किल्ली त्याच्याकडे द्यावी. येत्या रविवारी मत द्यायचे आहे. पंचांत मी सर्वांत जुना असल्यामुळे बाकीचे माझ्या तोंडाकडे पाहत आहेत.

माझी पहिली प्रतिक्रिया तुला ठाऊकच असेल. मी म्हणालो, थैली प्रभूला धरून देणाऱ्या यहूदाकडेही होतीच. पाळकसाहेबांना विनोद कळला नाही आणि त्यांनी योहानाचा बारावा अध्याय उघडून मला त्याच ओळी वाचून दाखवल्या. त्यानंतर मी असेही विचारले की ज्याची दारू सुटली ती कृपेने सुटली, की दारूबंदीच्या राज्यात राहायला गेल्यामुळे सुटली? यावर मात्र सगळे हसले, कारण आपल्या स्टेशनचा अर्धा फलाट महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत असल्यामुळे त्या बंदीची खरी किंमत इथल्या पोरासोरांनाही ठाऊक आहे.

हसणे बाजूला ठेवून पाळकसाहेबांचा युक्तिवाद तुझ्यापुढे प्रामाणिकपणे मांडतो, कारण तो पोकळ नाही. ते म्हणाले, पेत्राने मुख्य याजकाच्या अंगणात, कोळशाच्या शेगडीपाशी शेकत असताना, प्रभूला तीनदा नाकारले. पुढे तिबिर्याच्या किनाऱ्यावर प्रभूने पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवून न्याहारी केली आणि तिथेच पेत्राला तीनदा विचारले की तू माझ्यावर प्रीती करतोस काय. मग त्याला नुसती क्षमा करून घरी पाठवले नाही, तर मेंढरे त्याच्या स्वाधीन केली. म्हणजे ज्या गोष्टीत माणूस पडला, त्याच गोष्टीत त्याला उभे करणे ही ख्रिस्ताची रीत आहे. आपण त्याला ढोलकी देऊन किल्ली नाकारली, तर आपण त्याला अर्धीच क्षमा केली असे होईल.

मी दोन रात्री यावर विचार केला आणि मला दुसऱ्या एका सुवार्तेत वेगळी गोष्ट सापडली, जिच्याकडे उपदेशात फारसे कोणी वळत नाही. लूकच्या पंधराव्या अध्यायात आपला वाटा घेऊन घर सोडून गेलेला धाकटा मुलगा परत येतो तेव्हा बाप धावत जातो, झगा घालतो, अंगठी घालतो, पायांत वहाणा घालतो, पोसलेले वासरू कापतो. पण जमिनीची दुसरी वाटणी करीत नाही. थोरल्याला तो स्पष्ट सांगतो की जे माझे आहे ते सर्व तुझेच आहे. धाकट्याचा वाटा धाकट्याने उडवलेला आहे आणि तो परत मिळत नाही. त्याला परत मिळते ते घर, नाव आणि ताट. मला हा निवाडा कठोर वाटत नाही. उलट, या गोष्टीतली आनंदाची बातमी खोटी वाटत नाही ती याचमुळे, असे माझे मत आहे.

तू आता हसत असशील. बोर्डिंगात तुम्ही मला 'थोरला' म्हणत होता ते उगीच नव्हते. पण मला एवढे सांग, मेजवानीसाठी जे वासरू कापले ते इतकी वर्षे पोसले कोणी?

मी पाळकसाहेबांना पोल्ट्रीचे उदाहरण दिले. 2006 साली बर्ड फ्लू आला तेव्हा ते शाळेत असतील, पण तू पाहिले आहेस. कोंबड्या पुरल्यानंतर शेड धुतली, चुना मारला, तरी कोणी दुसऱ्या दिवशी पिल्ले सोडली नाहीत. शेड रिकामी ठेवावी लागली, आणि रिकामी ठेवली म्हणून कोणी असे म्हटले नाही की मालकाची धंद्यावरची आशा सुटली. नव्या लॉटची आशा होती म्हणूनच तर ती रिकामी ठेवली होती. यावर पाळकसाहेब गप्प राहिले. मला वाटते, त्यांना पोल्ट्रीतले काही कळत नाही.

त्या वर्षाचे नाव काढले म्हणजे बाकीचेही निघते. तबलजीचे शेडवरचे काम गेले, घरात धान्य नव्हते, मोहाची हातभट्टी मात्र उधारीवर मिळत होती, आणि मंडळीच्या छपराच्या पत्र्यांसाठी जमवलेले पैसे त्याच्या घरातल्या लोखंडी पेटीत होते. त्याने ते कसे नेले हे तुला सांगायला नको. पोलिसांत जायचे की नाही यावरून तू आणि मी भर बैठकीत जे बोललो, तेही सांगायला नको. तू म्हणालास, त्याला एक संधी द्या. मी म्हणालो, संधी म्हणूनच पेटी दिली होती. तू मला परूशी, म्हणजे नियमांवर बोट ठेवणारा ढोंगी, म्हणालास. मी तुला काय म्हणालो ते लिहिण्याजोगे नाही. मग एके दिवशी धुळ्याहून पत्र्यांनी भरलेला टेम्पो आला आणि पैसे कोणी भरले हे सगळ्यांना कळले, तरी तू अखेरपर्यंत तोंड उघडले नाहीस. त्यानंतर पुण्याच्या नोकरीचे निमित्त करून तू गेलास. निमित्त, असे मी आजही म्हणतो.

प्रेषितांच्या कृत्यांतले पौल आणि बर्णबा यांचे भांडण मी हल्ली पुन्हा वाचले. पंफुल्यात साथ सोडून गेलेल्या मार्काला पुन्हा बरोबर घ्यायचे की नाही, एवढ्यावरून इतकी तेढ पडली की बर्णबा त्याला घेऊन कुप्राला गेला आणि पौल सीलाला घेऊन दुसरीकडे. पुढे म्हातारपणी पौल तीमथ्याला लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. पाळकसाहेब हे वाक्य माझ्याविरुद्ध वापरतात. मी ते माझ्या बाजूने वाचतो: मार्क उपयोगी झाला तो मधल्या वर्षांत, बर्णबाच्या हाताखाली, आणि त्या काळात कोणी त्याच्या हाती पौलाची थैली दिली नव्हती. मला खटकते ते निराळेच. मार्काचे पुढे काय झाले ते कळते; पण त्या दोघा मित्रांचे भांडण मिटले की नाही, हे शास्त्रात कुठेच सांगितलेले नाही.

विश्वासाला वेळ लागतो म्हणून कोणी तो खोटा ठरवू नये. कवी नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्यासाठी सगळे नवे झाले, पण त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंसाठी संसार मोडला. त्या वेगळ्या राहिल्या, मग आपापला धर्म सांभाळून एका छपराखाली राहिल्या, आणि त्यांनी स्वतः निश्चय केला तो पुढे काही वर्षांनी. नवरा घाई करीत होता, असे आज कोणी म्हणत नाही. बायको उशीर करीत होती, असेही कोणी म्हणत नाही. आपल्या धरणगावच्या बालकवींनाही नंतर त्याच घराने आसरा दिला. त्या घराला एवढे मोठे होण्यासाठी मधली वर्षे लागली असणार.

तरीही, दाऊद, मी तुला हे सगळे लिहितो आहे ते मत देण्याआधी सल्ला हवा म्हणून नव्हे. मत ठरले आहे: भोजन, ढोलकी, शनिवारची संगती, तिन्हींना होकार, किल्लीला तूर्त नकार, आणि वर्षभराने पुन्हा विचार. पेटी दोघांनी मिळून उघडायची आणि दोघांनी सही करायची, हा नियम मात्र सगळ्यांनाच, मलासुद्धा. गंमत अशी की किल्ली तुला हवी का, हे तबलजीला अजून कोणी विचारलेलेच नाही.

मला अस्वस्थ करते ते वेगळे. उपासना संपल्यावर मी त्याच्यापाशी गेलो. मला वाटले होते की तो रडेल, किंवा आता मी नवा माणूस झालो आहे असे काहीतरी सांगेल, जसे साक्ष देणारे सांगतात. तो आपल्या बोलीत इतकेच म्हणाला की पत्र्यांचे विसरा असे मी म्हणणार नाही, कारण मीच विसरलो तर पुन्हा पिईन. थोमाला प्रभूने हातांचे व्रण दाखवले, ते पुनरुत्थानानंतरचे होते, हे मी आजवर कितीदा वाचले असेन. त्या शरीरात सगळे नवे होते, तरी खिळ्यांच्या खुणा राहू दिलेल्या होत्या. तबलजीचे ते वाक्य ऐकल्यावर मला पहिल्यांदा वाटले की हा माणूस या वेळी टिकेल. मला अशी आशा वाटावी, याची मला सवय नाही. घरी येऊन हिला सांगितले तर ती म्हणाली, ढोलकी नेऊन ठेवली तेव्हाच मला कळले होते. बायकांना सगळे आधीच कळलेले असते, हे तुझी वहिनी मला लग्नापासून सांगत आली आहे.

म्हणून तुला एक विचारतो आणि सरळ उत्तर हवे आहे. पौलाने फिलेमोनाला त्याच्या दासाविषयी, अनेसिमाविषयी, लिहिले की त्याने तुझे काही देणे असेल तर ते माझ्या नावे मांड. तू ते पत्र्यांचे पैसे कोणाच्या नावे मांडले आहेस? तबलजीच्या नावे असतील तर त्याला ते ठाऊक असले पाहिजे, कारण त्याने माझ्याकडे दरमहा थोडे थोडे देऊ करण्याची गोष्ट काढली आणि ते घेण्याचा अधिकार मला नाही. मंडळीचे छप्पर तर केव्हाच झाले. सोडून दिले असतील तर तसे त्याला तूच लिही, माझ्यामार्फत नको. आणि माझ्या नावे मांडले असतील, म्हणजे त्या बैठकीतल्या शब्दांच्या खात्यावर, तर तेही लिही. मग आपण दोघे तो हिशेब वेगळा बसून करू.

मुलीला ससूनमध्ये नोकरी लागल्याचे बहिणीकडून कळले, फार आनंद झाला. तुझी निवृत्ती या डिसेंबरात ना? जावई बरा आहे असे ऐकतो. पिंपरीतल्या फ्लॅटचे हप्ते संपले का? तिथे तू कोणत्या मंडळीला जातोस, आणि तिथे तबला तरी कोणी वाजवते का, हे तू मला कधीच सांगितले नाहीस.

रविवारच्या आत पत्र पोहोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. तेव्हा बहिणीच्या मोबाइलवर दोन ओळी पाठव, मी वाचून दाखवायला लावीन. यायचे ठरवलेस तर मे महिन्यात येऊ नकोस, उन्हाने हाल होतील. पाऊस पडल्यावर ये. तबलजी पडवीत आहे, त्यामुळे तुझी झोपायची सोय आमच्याकडेच करावी लागेल, आणि ही आत्तापासूनच तुझ्यासाठी कोणत्या कोंबडीवर डोळा ठेवायचा ते ठरवते आहे.

वहिनींना सलाम, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
शमुवेल (थोरला)