बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

मुंबई, गोरेगाव

ती. आई आणि ती. बाबा,
सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर बाबांनी विचारलं, "पिक्चर बघायला विद्यापीठ कशाला लागतं?" नेमकी तेव्हाच रेंज गेली. पण तो प्रश्न आठवडाभर माझ्या डोक्यातून गेलेला नाही. त्याचं आणखी एक कारण आहे. आमच्या कॉलेजात सिनेमाच्या अभ्यासाची स्वतंत्र पदवी सुरू करायचं घाटतंय आणि त्यासाठीच्या बैठकीत एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी जवळजवळ बाबांचेच शब्द वापरले. तिथे मी उत्तर दिलं. तुम्हाला मात्र ते सावकाश, नीट द्यावंसं वाटतं.

बाबा, तुम्ही अठ्ठावीस वर्षं थिएटरच्या प्रोजेक्टर केबिनमध्ये उभं राहून सिनेमा दाखवलात. मी सात-आठ वर्षांची असेन, तुम्ही मला स्टुलावर उभं करून काचेतून पडदा दाखवला होता. "उजव्या कोपऱ्यात वर बघ, ठिपका येईल." पहिला ठिपका आला की दुसऱ्या मशीनची मोटर सुरू करायची, दुसरा आला की चेंजओव्हर, म्हणजे पहिलं मशीन बंद आणि पडद्यावर दुसऱ्याचं चित्र. खाली बसलेल्या आठशे माणसांपैकी एकालाही तो दिसत नव्हता, मला दिसला. त्यानंतर मला तो कधी दिसला नाही असं झालंच नाही. तुम्ही म्हणता सिनेमा आपोआप कळतो. गोष्ट कळते, बाबा. ठिपका कुणीतरी दाखवावा लागतो.

मी वर्गात काय करते ते सांगते. फाळक्यांचा १९१९ सालचा 'कालिया मर्दन' आहे. त्यात कृष्णाचं काम त्यांच्या मुलीनं, मंदाकिनीनं केलंय. सिनेमा सुरू होतो तेव्हा कृष्ण नसतोच. नुसती एक छोटी मुलगी कॅमेऱ्यासमोर बसून चेहऱ्यावरचे भाव करून दाखवते आणि मग त्याच चेहऱ्याचा हळूहळू कृष्ण होतो. एवढासा तुकडा मी तीनदा दाखवला आणि विचारलं, देव दाखवायचा होता तर आधी मुलगी का दाखवली? कुणी म्हणालं, आपल्या मुलीचं कौतुक. कुणी म्हणालं, ही कॅमेऱ्याची करामत आहे हे लोकांना कळावं म्हणून. मग वेंगुर्ल्याचा एक मुलगा उठला. लहानपणी तो दशावताराच्या रंगपटात जाऊन बसायचा. आत विडी ओढत तोंडाला रंग लावणारा माणूस तासाभरानं बाहेर विष्णू म्हणून आला की त्याची आजी हात जोडायची, आणि हा माणूस कोण ते तिला चांगलं ठाऊक असायचं. "म्हणजे मॅडम, माहीत असूनही हात जोडले जातात." पुढचा तास आम्ही फक्त त्याच वाक्यावर बोललो. पुढच्या आठवड्यात ती मुलं त्या काळातल्या नाटकांच्या जाहिराती शोधत ग्रंथालयात बसली होती. इतिहासाचा किंवा साहित्याचा विद्यार्थी याहून वेगळं काय करतो?

करमणुकीचा अभ्यास कसला, असं म्हणणाऱ्यांना मी आपल्या मराठीची आठवण करून देते. मुंबई विद्यापीठ १८५७ साली निघालं आणि काही वर्षांतच वरच्या परीक्षांतून मराठी काढून टाकली गेली. ती परत यावी म्हणून न्यायमूर्ती रानड्यांना वर्षानुवर्षं झगडावं लागलं. आज मराठीत एम. ए. करणाऱ्याला कुणी विचारत नाही की घरी बोलायची भाषा शिकायला विद्यापीठ कशाला.

शिवाय हे सगळं आपल्याच शहरात घडलंय. १८९६ साली ल्यूमिएर बंधूंची हलती चित्रं काळा घोड्याजवळच्या वॉटसन हॉटेलात दाखवली गेली. १९१३ साली 'राजा हरिश्चंद्र' गिरगावात कोरोनेशनला लागला. १९३१ साली 'आलम आरा' मॅजेस्टिकला लागला, आणि आज त्याची एकही प्रत उरलेली नाही. देशातला पहिला बोलपट, आणि तो कुणालाच बघता येत नाही. जुने सिनेमे जमवून जपणाऱ्या पी. के. नायर यांनी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयासाठी फाळक्यांच्या घरच्यांकडून रिळं मिळवली नसती तर मंदाकिनीचा चेहराही असाच गेला असता. मागच्या वर्षी एका बंद पडलेल्या लॅबच्या गोदामात मी मुलांना घेऊन गेले होते. डबा उघडला तर कुजलेल्या फिल्मचा, व्हिनेगरसारखा असा भपकारा आला की डोळ्यांत पाणी आलं. आत फिल्मच्या वेटोळ्यांचा एकच गठ्ठा झालेला. कसला सिनेमा होता, ते डब्यावरच्या पुसट झालेल्या चिठ्ठीवरूनही कळेना. याचं मोल जाणणारी माणसं तयार व्हायची तर ती कुठेतरी शिकायला हवीत ना? कोलकात्याला जादवपूर विद्यापीठात सिनेमाच्या अभ्यासाचा १९९३ पासून स्वतंत्र विभाग आहे. मुंबईत मात्र अजून समजूत घालावी लागते, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आई, तू विचारलंस, मुलांना नोकऱ्या लागतील का. खोटं सांगणार नाही. आम्ही दिग्दर्शक घडवत नाही. कॅमेरा, संकलन शिकायला पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट आहे. आमची काही मुलं संग्रहालयांत जातील, काही सबटायटल्स करतील, काही शिकवतील, काही बँकेच्या परीक्षा देतील. इतिहास घेतलेल्यांचंही हेच होतं, पण म्हणून इतिहासाचा विभाग बंद करा असं कुणी म्हणत नाही.

आता एक विनंती. डिसेंबरात तुम्ही दोघं इथे याल तेव्हा बाबांनी एक तास माझ्या वर्गात यावं. भाषण नको. कॉलेजात एक जुनं मशीन पडून आहे, ते मी दुरुस्त करून घेतेय. तुटलेल्या रिळाला जोड कसा मारायचा, ते माझ्या मुलांपैकी कुणीही पाहिलेलं नाही. माळ्यावर हिरव्या ट्रंकेत तुमचा जोड मारायचा स्प्लायसर असेल, तो आणि ब्लेड जुन्या धोतरात गुंडाळून आणा. जोड चिकटवायच्या फिल्म सिमेंटची बाटली सुकली असेल, ती मी इथे बघते.

गुडघ्याला तेल लावता ना? आईनं कुळथाचं पीठ पाठवू नये, मागचं अजून आहे.

तुमची,
मंजू