जहाज देताना त्याच्या सांभाळाचीही तरतूद हवी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईच्या माझगाव डॉकने कोलंबो डॉकयार्ड या श्रीलंकेतल्या जहाजगोदीतला किमान ५१ टक्के हिस्सा घ्यायचे ठरवल्याची बातमी जून २०२५ मध्ये आली. सुमारे ५.३ कोटी डॉलरचा व्यवहार. माझ्या ओळखीच्यांत तिची चर्चा झाली ती शेअरचा भाव किती वधारणार एवढीच. गोदीत ३१ वर्षे इंजिन फिटर म्हणून काढल्यामुळे मला तीत दुसरेच काही दिसले: श्रीलंकेच्या नौदलाची जहाजे चालू ठेवण्याची सोय.

श्रीलंकेच्या नौदलातली मोठी जहाजे कुठून आली ते पाहा. ‘समुदुरा’, ‘गजबाहू’ आणि ‘विजयबाहू’ ही अमेरिकेच्या तटरक्षक दलात आयुष्य काढून आलेली. पहिली दोन १९६८ची, तिसरे १९७१चे. ‘पराक्रमबाहू’ हे चीनने २०१९ मध्ये दिलेले, तेही वापरलेलेच. ‘सयुरा’ म्हणजे आपली जुनी ‘सरयू’, २००० साली तिकडे गेली. खास त्यांच्यासाठी नवी कोरी बांधलेली म्हणाल तर गोवा शिपयार्डची ‘सयुराला’ (२०१७) आणि ‘सिंदुराला’ (२०१८) ही जोडी, लांबी १०५ मीटरच्या वर.

तीन देशांची जहाजे म्हणजे इंजिने वेगळी, पंप वेगळे, फिल्टर वेगळे. पानासुद्धा एक चालत नाही. जुन्या अमेरिकन जहाजावर इंचाचे पाने लागतात, आपल्या जहाजावर मिलिमीटरचे. ‘गजबाहू’च्या जातीच्या जहाजांना दोन डिझेल इंजिनांच्या जोडीला दोन गॅस टर्बाइन असतात. डिझेलवर हात बसलेल्या माणसाला त्या टर्बाइनचे काम पुन्हा पहिल्यापासून शिकावे लागते. जहाज भेट मिळाले म्हणून फुकट पडले असे होत नाही. जानेवारी २०२४ मध्ये तांबड्या समुद्रात एक जहाज पाठवण्याची घोषणा राष्ट्राध्यक्ष विक्रमसिंघे यांनी केली, तेव्हा दोन आठवड्यांना २५ कोटी श्रीलंकन रुपये लागतील असे त्यांनीच सांगितले होते. एप्रिल २०२२ मध्ये परदेशी कर्जाचे हप्ते थांबवावे लागलेल्या आणि नाणेनिधीच्या सुमारे तीन अब्ज डॉलरवर सावरत असलेल्या देशासाठी ही रक्कम लहान नाही.

सुट्या भागावाचून काय होते ते मी जवळून पाहिले आहे. आमच्याकडे दुरुस्तीला आलेली एक गस्तनौका एका ऑइल सीलसाठी ४० दिवस धक्क्याला बांधून होती. तळहाताएवढी रबराची रिंग, पण ती परदेशातून यायची होती. खलाशी रोज सकाळी डेक धुवायचे, दोरखंड तपासायचे आणि सावलीत बसून राहायचे. शेवटी रिंग आली ती एका लिफाफ्यात. ती बसवायला आम्हाला दीड तास लागला. कागदोपत्री ती नौका त्या ४० दिवसांतही नौदलातच होती, समुद्रात मात्र नव्हती.

म्हणून नौदल वाढवायचे म्हणजे किती जहाजे आणायची, या हिशेबापासून सुरुवात करणेच मला चूक वाटते. जहाज २५-३० वर्षे चालते. तेवढ्या काळातले डिझेल, ओव्हरहॉल, रंगकाम आणि पगार मिळून जहाजाच्या किमतीला केव्हाच मागे टाकतात. हा पैसा आधी बाजूला काढावा आणि तो पुरेल तेवढीच जहाजे घ्यावीत, तीही शक्यतो एकाच जातीची. श्रीलंकेत तो निघूही शकतो. यादवी युद्ध २००९ मध्ये संपले, तरी लष्कराची मंजूर संख्या दोन लाखांवर होती. ती २०३० पर्यंत एक लाखावर आणण्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. चहूबाजूंनी समुद्र असलेल्या देशाने त्यातून वाचणारा पैसा समुद्राकडेच वळवायला हवा. मे २०२१ मध्ये ‘एक्स-प्रेस पर्ल’ हे कंटेनर जहाज कोलंबोसमोर जळले, प्लास्टिकचे दाणे किनाऱ्यावर थरांनी साचले आणि आग विझवायला आपल्या तटरक्षक दलाची जहाजे धावली. अशा वेळी त्यांची स्वतःची जहाजे चालू स्थितीत असणे आपल्याही हिताचे आहे.

तमिळनाडूच्या मच्छीमारांना पकडणाऱ्या नौदलाला आपण बळ का द्यायचे, असे काही वाचक विचारतील. त्या अटकांचे मलाही वाईट वाटते. पण तळ खरवडणाऱ्या ट्रॉलरनी जाफन्याच्या लहान मच्छीमाराचे काय होते, हे मालवण-देवगडच्या, किनाऱ्यावरून जाळे ओढणाऱ्या रापणकरांना वेगळे सांगायला नको. तो तंटा वाटाघाटीनेच सुटेल, शेजाऱ्याची इंजिने बंद पडून नव्हे. शिवाय आपण हात आखडला तर चीन बसून राहणार नाही. हंबनटोटा बंदर २०१७ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर गेलेच आहे.

मार्च २०२२ मध्ये भारताने श्रीलंकेच्या नौदलाला तरंगती गोदी देण्याचा करार केला. माझ्या मते ही मदत आणखी दोन जहाजे देण्याहून मोलाची आहे, कारण जहाजाचा तळ तपासायला ते पाण्याबाहेर काढावेच लागते. यापुढे आपण शेजाऱ्याला जहाज दिले किंवा त्यासाठी कर्ज दिले, तर निदान पहिल्या १५ वर्षांच्या सुट्या भागांचा निधी त्याच करारात असावा. त्यांच्या फिटरना आणि इलेक्ट्रिशियनना इथल्या गोद्यांत वर्षभर तरी हाताखाली घ्यावे. जहाज ताब्यात घेताना मिळणाऱ्या काही आठवड्यांत माणूस फार तर व्हॉल्व्हच्या जागा पाठ करतो.

माझगाव डॉकने कोलंबोत पहिले काम म्हणून ‘सयुराला’ आणि ‘सिंदुराला’ यांच्या सुट्या भागांचे गोदाम उघडावे. दोन्ही जहाजे एकाच गोदीतली, एकाच आराखड्याची. एकीसाठी ठेवलेले सील दुसरीलाही बसेल.

आपला नम्र,
एक निवृत्त इंजिन फिटर
वास्को, गोवा