एका अक्षराचा एकच अर्थ असावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मी टिळकवाडीत संध्याकाळी अभियांत्रिकीच्या मुलांना गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारे साधन, शिकवतो. मध्यंतरी खानापूरहून येणाऱ्या एका विद्यार्थिनीने आपली ब्रँच (कोडची स्वतंत्र शाखा) सर्व्हरवरच्या ब्रँचला जोडण्यासाठी ‘गिट ब्रँच’ या कमांडपुढे ‘सेट-अपस्ट्रीम’ हा ऑप्शन लिहिला, तेव्हा तो आता चालत नाही असे उत्तर टर्मिनलवर उमटले. “सर, काल ‘गिट पुश’ला हाच शब्द चालला होता ना?” असे तिने विचारले, आणि तिचे म्हणणे अगदी रास्त होते. बदल सर्व्हरवर पाठवणाऱ्या ‘पुश’ला तो आजही चालतो, ‘ब्रँच’ला मात्र ‘सेट-अपस्ट्रीम-टू’ लिहावे लागते, आणि दोन्हींचे एकाक्षरी लघुरूप ‘यू’च आहे. अपुरे बदल तात्पुरते बाजूला ठेवणाऱ्या ‘गिट स्टॅश’मध्ये तर हाच ‘यू’ गिटमध्ये नोंद नसलेल्या फायलीही सोबत घ्यायला सांगतो.

यामागे इतिहास आहे. २०१० मध्ये १.७.० आवृत्तीबरोबर आलेल्या मूळ ऑप्शनला आधी आपल्या ब्रँचचे नाव आणि मग सर्व्हरवरचे नाव द्यावे लागे. कोणी नुसते ‘ओरिजिन/मास्टर’ हे सर्व्हरवरच्या ब्रँचचे नाव लिहिले, तर हातातली ब्रँच तिला जोडली जाण्याऐवजी त्याच नावाची नवी स्थानिक ब्रँच तयार होई आणि तीच उलट हातातल्या ब्रँचला जोडली जाई. एकाच नावाच्या त्या दोन ब्रँच निस्तरण्यात माझी एक अख्खी दुपार गेली आहे. २०१२ मध्ये १.८.० आवृत्तीने नवा ऑप्शन दिला आणि २०१७ मध्ये २.१५ ने जुना बंद केला. तरीही जुने नाव कोडमधून पुसले नाही, कारण गिटला लांब ऑप्शनचे अर्धवट नावही चालत असल्याने जुना शब्द नव्याचा पूर्वार्ध म्हणून मुकाट्याने स्वीकारला गेला असता. म्हणजे ते नाव आज केवळ नकार देण्यापुरते उरले आहे. (शहराचे नाव २०१४ मध्ये बदलूनही रेल्वे स्थानकाचा संकेत ‘बीजीएम’ पाहणाऱ्या आम्हा बेळगावकरांना याचे नवल वाटू नये.)

गिटला आता मागचे वापरकर्ते सांभाळणे भाग आहे. आपल्या मुलांच्या नव्या प्रकल्पांना तसली अडचण नाही. म्हणून परिसरातील महाविद्यालयांच्या अध्यापकांना माझी विनंती आहे, की प्रकल्प तपासताना मुलांनी केलेले कमांडवर चालणारे साधन चालते का एवढेच न पाहता, कोणते अक्षर कोणत्या उपकमांडमध्ये (गिटच्या ‘पुश’, ‘ब्रँच’सारख्या) काय करते आणि कोणते नाव आधी लिहायचे, याचा एक पानी तक्ता कोड लिहिण्यापूर्वीच मागून घ्यावा. माझ्याच वर्गातल्या दोघांनी दूध संकलनाच्या नोंदींसाठी केलेल्या साधनात ‘डी’ हे अक्षर एका उपकमांडमध्ये दिनांकासाठी आणि दुसऱ्या उपकमांडमध्ये नोंद पुसण्यासाठी वापरले होते. आणि खेदाची गोष्ट म्हणजे, ते माझ्याही लक्षात आले नाही, चाचणीतल्या एका दिवसाच्या नोंदी गेल्यावरच आले.

आपला विश्वासू,
एक संगणक शिक्षक, टिळकवाडी, बेळगाव