चूल कुठून आली?

पुणे,
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

प्रिय सुऱ्या,

स.न.वि.वि. वगैरे.

फेब्रुवारीत तू पाठवलेल्या लांबलचक मेसेजला मी नुसता अंगठा दाखवला होता. त्यानंतर तू मनात चार शिव्या दिल्या असशीलच. आणखी दोन दे आणि पुढे वाच. हाताने लिहितोय. 'कागद मेला, आता फक्त त्याचे दिवस घालायचे' असं तुला पंचवीस वर्षं सांगणारा मीच, हे मला आठवतंय. तू आठवण करून द्यायची गरज नाही. तब्येत ठीक. साखर हद्दीत, गुडघा हद्दीबाहेर.

दिन्याचा पीसी सापडला.

वाडा अखेर पाडायला घेतलाय. काकू, दिन्याच्या आई, कोथरूडला भाचीकडे गेल्यात आणि माळा रिकामा करायचं काम माझ्याकडे आलं. पितळी डबे, टेलिफोन खात्याच्या डायऱ्या, आणि सगळ्यात मागे, चादरीत गुंडाळलेलं ते ४८६. तपकीर गल्लीतून तू कॅबिनेट सायकलच्या कॅरिअरला सुतळीने बांधून लक्ष्मी रोडने आणलं होतंस आणि सिटी पोस्टापाशी आडवं पाडलं होतंस. तो पोचा अजून आहे. (तू अजूनही खड्ड्यावर ढकलशील.)

मदरबोर्डवरचे कपॅसिटर पुरीसारखे फुगलेले. तो चालू होणार नव्हताच. पण हार्डडिस्क काढली, पुन्हा तपकीर गल्लीतच जाऊन जुन्या डिस्कला यूएसबी जोडायचं अडॅप्टर आणलं, आणि ४२० एमबीची ती डिस्क कुरकुरत का होईना, फिरली. आजकाल फोनमधले चार व्हिडिओ तेवढ्या जागेत मावत नाहीत. तिच्यात आपण काढलेला अख्खा अंक होता, १९९७ चा. नशीब, दिन्या पेजमेकरमध्ये, म्हणजे पानं मांडायच्या प्रोग्रॅममध्ये, घेण्याआधी मजकूर साध्या टेक्स्ट फाइलीत ठेवायचा.

फाइल उघडली तर काय? डॉलर, टक्के, डोक्यावर टिंबं घेतलेली फ्रेंच अक्षरं. आठवतं ना, तेव्हा मराठी अशी नव्हतीच संगणकात. फाइलीत इंग्रजी चिन्हं असायची आणि फाँट त्यांच्यावर मराठी मुखवटा चढवायचा. फाँट गेला की मुखवटा गेला. इस्की हे भारतीय लिप्यांच्या खुणांचं मानक १९९१ सालीच झालं होतं, सी-डॅक ही सरकारी संगणक संस्था आपल्याच विद्यापीठाच्या आवारात होती, तिच्या 'परम' महासंगणकाच्या बातम्यांनी आपली छाती फुगलेली होती. पण डीटीपीवाला प्रत्येकजण आपापल्या फाँटच्या खुणांत लिहीत होता. एकाचं लिहिलेलं दुसऱ्याला वाचता येत नसे. पेठेतल्या भाऊबंदकीसारखंच.

मग मी कन्व्हर्टर लिहायला बसलो. आठ दिवस. बायको म्हणाली, इतक्या वेळात हाताने टाइप करून झालं असतं. तिला काय सांगू? जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये, म्हणजे आजच्या सार्वत्रिक मानकात, आधी अक्षर, मग वेलांटी. रफाराचं बरोबर उलटं. म्हणजे प्रत्येक वेलांटीला पाठीमागे ढकलायचं आणि प्रत्येक रफाराला पुढे ओढायचं. आणि पहिल्या खेपेला आडवा र मी साफ विसरलो. त्यामुळे तू सगळीकडे 'सुर्या' झालास. चाकूचा एकदम सूर्य! जमाखर्चाच्या पानावर तर 'आचाऱ्यांना'च्या जागी 'आचार्यांना भांडी घासण्याचे वेगळे ५० रुपये' हीच ओळ आली. १९९७ साली छापलेली नेमकी तीच चूक, ज्यावरून व्यासपीठावरचे आपले संस्कृतचे आचार्य उठून गेले होते. अठ्ठावीस वर्षांनी माझ्या प्रोग्रॅमने ती स्वतःच्या बुद्धीने पुन्हा केली. मी एकटाच खोलीत हसत बसलो.

इथपर्यंत मजा होती.

दिन्याचा लेख आठवतो का? 'यंत्राला काय कळतं?' पान ७. त्या फाइलीच्या मधोमध तीन सेक्टर, म्हणजे डिस्कवरचे साठवणीचे कप्पे, मेलेले निघाले. एक सेक्टर ५१२ बाइटचा, म्हणजे पंधराशेच्या वर खुणा गायब. छोटं पाऊण पान. चिन्मय म्हणाला, 'काका, एआयला द्या, तो नीट करून देईल.' दिलं. पाच सेकंदांत लेख परत आला, सलग, स्वच्छ, कुठेही भोक नाही. त्यात एक वाक्य होतं: 'आई चुलीपुढे बसून काहीही न मोजता मीठ टाकते, तो अंदाज ज्या दिवशी यंत्राला येईल, त्या दिवशी मी यंत्राला नमस्कार करीन.'

सुऱ्या, माझ्या घशात आवंढा आला. खोटं कशाला सांगू. दिन्या गेल्यावर पंधरा वर्षांत पहिल्यांदा. त्याच संध्याकाळी मी छापील कागद घेऊन कोथरूडला गेलो आणि काकूंना वाचून दाखवला.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, 'मी कुठे रे बसले चुलीपुढे? पण त्याला तशी दिसत असेन. बरं वाटलं.' आणि कागद मागून घेतला.

चूल! नारायण पेठेत, गॅस असलेल्या घरात, चूल कुठून आली? काकू रात्रपाळीला एक्स्चेंजमध्ये, दिन्या आणि त्याचे बाबा खानावळीच्या डब्यावर. त्या घरात मिठाचा अंदाज डबेवाल्या मावशींना होता. मला हे माहीत होतं, रे! वाचताना जीभ अडखळलीसुद्धा नाही. शिवाय अख्ख्या लेखात सगळे कंस बंद होते. दिन्याने उघडलेला कंस आयुष्यात कधी बंद केलाय का?

घरी येऊन मूळ फाइल पुन्हा उघडली. खड्ड्याच्या अलीकडे शेवटचे शब्द असे आहेत: 'वस्तुतः आमच्या आईला (जी टेलि'. पलीकडे सुरू होतं ते थेट 'म्हणून मी म्हणतो की वस्तुतः' इथून. मध्ये काही नाही. चूल नाही, मीठ नाही. त्या यंत्राने 'टेलि' हा अर्धा शब्दसुद्धा अडचण समजून फेकून दिला आणि मराठी लेखकाची आई म्हटल्यावर जे सगळ्यात जास्त वेळा येतं, ते आणून बसवलं. ते वाचत नाही, पुढे काय शोभेल ते लावतं. त्याला दोष तरी काय द्यायचा? भोक बुजव असं आम्हीच सांगितलं होतं.

तुला ती इलायझा आठवते, गप्पा मारणारा प्रोग्रॅम? मासिकात छापलेला, बेसिक या संगणकभाषेतला तो प्रोग्रॅम दिन्याने रात्रभर बसून टाइप केला होता आणि तू त्याच्यासमोर बसून, चुकीच्या इंग्रजीत, 'ती'ची कहाणी सांगत होतास. मूळ प्रोग्रॅम वायझेनबॉम या संगणकशास्त्रज्ञाचा, १९६६ चा. तो म्हणे त्याच्या सेक्रेटरीने वापरायला घेतला आणि थोड्या वेळात त्यालाच खोलीबाहेर जायला सांगितलं. तूही आम्हाला गॅलरीत काढलं होतंस. पण ती बिचारी तुझीच वाक्यं उलटी करून तुला परत द्यायची. स्वतःच्या पदरचं एक अक्षर घालत नव्हती. (आणि तुला सल्ला चांगलाच दिला असता. असो. वहिनींच्या हाती हे पत्र पडू देऊ नकोस.)

आता खरं सांगतो, मी का लिहितोय. येत्या रविवारी सर्वपित्री आहे. काकूंनी भाचीकरवी ते वाक्य, फक्त ते एक वाक्य, दिन्याच्या फोटोखाली लिहून घरच्या ग्रुपवर टाकलंय. तिथून ते नाशिकच्या आत्यांकडे गेलं, तिथून अमेरिकेत. परवा माझ्याच फोनवर, आपल्या शाळेच्या ग्रुपवर, अनेकदा फॉरवर्ड झाल्याचे दोन बाण लागून ते परत आलं: कै. दिनकर यांचे विचार. खाली एकवीस नमस्कार. तूही एक केलास, मी बघितलं. रविवारी सगळे जमल्यावर काकू ते वाचून दाखवणार आहेत.

येत्या रविवारी २१ सप्टेंबर आहे, लक्षात आलं का? १९९५. गणपती दूध प्यायला त्याला बरोबर ३० वर्षं. तू सारसबागेच्या रांगेत वाटी घेऊन उभा, मी आणि दिन्या घरी मातीच्या हत्तीला चमच्याने दूध पाजून पृष्ठताण सिद्ध करतोय. संध्याकाळी वैशालीत केवढं भांडलो आपण. सव्वा महिनाच आधी, १५ ऑगस्टला, व्हीएसएनएल या सरकारी कंपनीने इंटरनेट सुरू केलं होतं आणि ते आपल्यातल्या कुणी पाहिलंही नव्हतं, तरी मी टेबलावर हात आपटून म्हणालो, हे घराघरांत जाऊ दे, मग अशी अफवा एक दिवस टिकणार नाही, कारण प्रत्येकजण पडताळून बघेल. तू एवढंच म्हणालास, 'बघायची सोय झाली म्हणून कोण बघतंय?' आणि माझ्या डोशातला अर्धा खाल्लास. काकू त्या रात्री ड्यूटीवर होत्या. त्यांनी नंतर सांगितलेलं मला अजून ऐकू येतं: लायनी जाम होत्या, पण खरं आहे का असं विचारायला कुणी फोन करत नव्हतं, तुम्ही पाजलं का म्हणून करत होते.

१ जुलै २०१८ ला धुळ्याच्या राईनपाड्यात भिक्षा मागायला आलेल्या ५ जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठेचून मारलं, तेव्हा मी तुला फोन करणार होतो. तुझं खरं ठरलं, एवढंच सांगायला. केला नाही. त्या महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करायची मर्यादा घातली आणि मी आपला सोसायटीत सांगत सुटलो की बघा, तांत्रिक उपाय निघाला. तेव्हापासून गेली सात वर्षं मी दर रविवारी कट्ट्यावर लोकांना फॉरवर्ड कसं ओळखावं ते शिकवतो. दोन बाण बघा, मूळ शोधा. आणि हे एक खोटं मीच बनवलं, छापलं, स्वतः रिक्षाने नेऊन पोचवलं. तेही काकूंना.

परवा एकनाथांची गोष्ट डोक्यात आली. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ ला, त्यांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. मध्ये लोकांनी आपापल्या ओव्या घुसडल्या होत्या. यापुढे जो कोणी स्वतःची ओवी यात घालेल, त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे करवंटी, ठेवली असं समजा, असं त्यांनी बजावून ठेवलं. शाळेत पाठ केलं होतं, अर्थ परवा लागला. पण सुऱ्या, एकनाथांपुढे ताडून बघायला निरनिराळ्या पोथ्या होत्या. माझ्याकडे एकच, आणि तिला भोक आहे. शिवाय ही नरोटी मूळ ताटापेक्षा चकचकीत आहे. दिन्याच्या खऱ्या वाक्यांपेक्षा मला तेच वाक्य तोंडपाठ झालंय.

म्हणून तू. आपण ४० झेरॉक्स काढल्या होत्या. माझी २००५ च्या पावसात गेली. तू कागदाचा कपटा टाकत नाहीस, याबद्दल मी तुझी टिंगल केली आहे. ती सगळी परत घेतो. अंक शोध.

आणि एक आठव. त्या खड्ड्यात खरं काय होतं, याचा मला पुसटसा संशय आहे. दिन्याने प्रूफ दाखवलं तेव्हा त्यात काहीतरी असं होतं की आईला अख्ख्या जिल्ह्याचे आवाज ओळखू येतात, माझा तेवढा नाही. असंच होतं का? की हेही मीच आता शोभेल ते लावतोय? एवढं मात्र नक्की आठवतं की तू म्हणालास, काकूंना लागेल, काढ. आणि मी म्हणालो, लेखकाच्या शब्दाला हात लावायचा नाही. दोन दिवस आपण बोलत नव्हतो. शेवटी छापलं की काढलं? काकूंनी अंक वाचला होता का? मला काही केल्या आठवत नाही. दिन्याला विचारायची सोय नाही.

छापलं असेल, तर रविवारी मी काय करायचं? ते खरं वाक्य घेऊन जायचं का? 'बरं वाटलं' म्हणाल्या आहेत त्या. बायको म्हणते, गप्प बस, ऐंशीच्या बाईला सेक्टर कसले समजावतोस. चिन्मय म्हणतो, काका, भावना तर खरी आहे ना. या वाक्यावर मी त्याला घराबाहेर काढणार होतो, पण मग लक्षात आलं की मला उत्तर येत नाही.

मुग्धाच्या नोकरीचं काय झालं? हळदीचा यंदाचा हिशेब आणि तुझ्या दातांचं सविस्तर लिही, खरंच वाचीन, अंगठा नाही दाखवणार. वहिनींना नमस्कार.

अंक सापडला तर पान ७ ची झेरॉक्स स्पीड पोस्टाने पाठव, शनिवारपर्यंत हातात पडेल अशी. मोबाइलवर फोटो पाठवू नकोस. चिन्मय माझा फोन बघतो, तो लगेच 'नीट' करून देईल. नाही सापडला, तर तसंही कळव. आणि काकूंचा फोन आला तर सध्या काही बोलू नकोस.

तुझा,
अव्या

ता. क. झेरॉक्सवाल्याला सांग, पान पूर्ण घे, कडा कापू नकोस. कंस कुठे उघडलाय ते मला बघायचंय.